येनसाहेबाच्या बापाची घागर

डेन्मार्कमधल्या निल्स नावाच्या एका म्हाताऱ्यानं शालिग्राम मास्तरांना पत्र पाठवलं होतं आणि मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरले असते तर गोष्ट निराळी. पण पत्र आलं सत्तर सालच्या पावसाळ्यात, आणि तेव्हापासून दरवर्षी उन्हाळा तापायला लागला, वरवटच्या रस्त्यावर दुपारचं चिटपाखरू दिसेनासं झालं, की मास्तरांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. पेटीच्या तळाशी, धुवट धोतरांखाली ते पत्र होतं. पहिल्याच ओळीत म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, की माझं इंग्रजी शब्दकोशातून उचललेलं आहे, हसू नका. पुढे लिहिलं होतं: ‘तुम्ही माझ्या नावानं जेवलात असं माझा मुलगा येन्स कळवतो. मी अजून जिवंत असल्यामुळे मला कुतूहल आहे. मी काय काय जेवलो, ते कृपा करून सांगा. आणि वाढणाऱ्यानं नीट वाढलं की नाही, तेही.’

उत्तर लिहायला मास्तर बसले नव्हते असं नाही. पुष्कळदा बसले. पहिली अडचण इंग्रजीची. आयुष्यभर पुस्तकं वाचली, खामगावच्या वाचनालयातून आणून इंग्रजीही वाचली, पण लिहायचं म्हटलं की दर शब्दापाशी वाटायचं, हा बरोबर आहे का? चिंचवणीला इंग्रजीत काय म्हणतात? कुरडईला काय म्हणतात? एकदा ‘शेवयांचं तळलेलं घरटं’ असं लिहिलं आणि स्वतःच लाजून खोडलं. कागद चुलीत गेला. आणि शब्दांच्या मागे आणखी एक गोष्ट होती. ती तर त्यांना मराठीतही कुणाला सांगता आली नसती.

अशी पाच वर्षं गेली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले. शाळेच्या व्हरांड्यातली पोस्टाची शाखा ते चालवायचे, ती दुसऱ्याकडे गेली. बायको पूर्वीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. घर, पुस्तकं, आणि परदेशी तिकिटांची एक वही, एवढाच पसारा. आणि पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात, आखाजीचा सण तोंडावर आला असताना, पोस्टमन रामराव भर दुपारी ओल्या टॉवेलनं डोकं गुंडाळून त्यांच्या ओट्यापाशी आला. ओट्यावर चढला नाही.

“मास्तर, बाहीर या.”

“आत ये ना. पाणी घे.”

“पानी घेतो मंग. आंधी हे घ्या. याले कोपरा नाही.”

दोन बोटांत धरलेलं ते पाकीट परदेशी होतं. अक्षर येन्सचं होतं. आणि त्याचा वरचा उजवा कोपरा फाटलेला होता.

आपल्याकडे मरणाची बातमी कळवायची, तर पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. घेणाऱ्याला उघडण्याआधीच कळतं. असं पत्र घरात नेत नाहीत. अंगणात वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. मास्तरांनी पत्र हातात घेतलं. निल्स गेला, एवढं एकच वाक्य त्यांच्या मनात आलं.

“कोन होतं?” रामरावानं विचारलं.

“येनसाहेबाचे वडील.”

“आखाजीची घागर ज्याची भरली होती, तोच ना तो? पन तो तर तव्हाच मेला होता.”

“नव्हता मेला,” मास्तर म्हणाले. “तेव्हा नव्हता.”

रामराव पाणी पिऊन गेला. मास्तरांनी पत्र उघडलं नाही. ओट्याच्या कडेला ठेवून वर दगड ठेवला. एकदा मनात येऊन गेलं, की तिकिटासाठी कुणी कोपरा फाडला असेल का? पण लगेच वाटलं, छे. येन्सला कोपऱ्याचा अर्थ माहीत आहे. हे तो या गावातच शिकला. त्याच्यासारखा माणूस फाटक्या कोपऱ्याचं पत्र उगाच पाठवणार नाही.

आणि मग, आता उत्तर लिहायला नको, असा एक सुटकेचा विचार कुठूनसा आला. तो येताच मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते आत जाऊन उगाच माठाचं पाणी गाळत बसले.

पण बसवेना. बाहेर वाऱ्याच्या गरम झोतानं दगडाखाली पत्र फडफडायचं. ते उठून ओट्यावर यायचे, बघायचे, परत आत जायचे. पुस्तक उघडायचे, तेच पान पुन्हा वाचायचे. येन्स याच ओट्यावर असाच येरझाऱ्या घालायचा, हे त्यांना आठवलं.

येन्स आला होता एकोणसत्तरच्या हिवाळ्यात. एका परदेशी संस्थेचं बोअरचं यंत्र घेऊन. आपला हा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुणा चहाचा पहिला घोट घेतो आणि यजमानाच्या तोंडाकडे बघतो. गोडं पाणी कुठे लागतं का, ते येन्स शोधणार होता. उंच, लालबुंद, पंचविशीचा पोरगा. पुंजाजी पाटलांच्या घराची पुढची खोली त्यानं भाड्यानं घेतली आणि यंत्र त्यांच्याच मागच्या अंगणात लिंबाखाली उभं केलं. गावानं त्याचं नाव येनसाहेब करून टाकलं.

थंडीत त्याचं छान चाललं. मास्तर त्याला संध्याकाळी पुस्तकी मराठी शिकवायचे, ‘मला पाणी हवे आहे’. तो यंत्रावरच्या पोरांत जाऊन ‘मले पानी पायजे’ शिकून यायचा. तेच त्याच्या तोंडात बसलं. जिल्ह्याच्या गावाहून आलेले एक पुण्याचे साहेब त्याचं बोलणं ऐकून रुमालानं तोंड पुसत राहिले होते.

मार्चमध्ये यंत्राचा एक भाग तुटला. तो मुंबईहून यायचा होता आणि मुंबईला तो बोटीनं यायचा होता. पोरं आपापल्या घरी गेली. येन्स एकटा राहिला आणि उन्हाळा सुरू झाला.

असा उन्हाळा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. सकाळी आठलाच अंगण तापायचं. यंत्राला हात लावायचा, तर फडकं गुंडाळावं लागे. तो खोलीत बसायचा, खोलीत भट्टी. लिंबाखाली बसायचा, तिथे झळा. चादर भिजवून अंगावर घ्यायचा, ती वाळली की पुन्हा भिजवायचा, आणि खाऱ्या पाण्यानं चादरीवर पांढरे नकाशे उमटायचे. रात्री बाज अंगणात, मग गच्चीवर, मग पुन्हा अंगणात. पुंजाजीची बायको सत्यभामाबाई म्हणायची, “या पोराची बाज अन् मांजरीची पिल्लं, एका जागी राह्यत नाहीत.”

सगळं गाव दारं लावून निजलेलं असताना तो भर दुपारी चालत सुटायचा. काम नसलेला माणूस बसून राहतो, ही गोष्टच त्याला जमत नव्हती. नदीपर्यंत जायचा, नदीत वाळूच होती, ती बघून परत यायचा. सत्यभामाबाई दार किलकिलं करून ओरडायची, “अरे बापा, ऊन लागन! काऊन जीव देऊन राह्यला?” मग त्याच्या खिशात कांदा घालून द्यायची. तो कांदा हातात घेऊन उलटसुलट बघायचा.

“मास्तर, हा खायचा का?”

“नाही. नुसता ठेवायचा.”

“ठेवून काय होते?”

मास्तरांना ते नीट सांगता यायचं नाही. “ऊन त्याला लागतं, आपल्याला नाही,” एवढं ते म्हणायचे, आणि हे शास्त्राला धरून आहे का, या विचारात पडायचे.

डाक यायची ती वेळ मात्र येन्स चुकवत नसे. शाळेच्या व्हरांड्यात, मास्तरांच्या टेबलापाशी. बापाचं पत्र दर आठवड्याला यायचं. बाप बोटी बांधणारा सुतार होता, थकत चालला होता आणि मुलानं परत येऊन कारखाना सांभाळावा असं त्याचं म्हणणं होतं. येन्स उभ्या उभ्या पत्र वाचायचा. उत्तर मात्र लिहीत नसे. गावातून बाहेर जाणारी डाक मास्तरांच्याच हातून जायची, तेव्हा त्यांना ते कळत होतं. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, तेव्हा येन्स म्हणाला, “काय लिहू? यंत्र बंद आहे, पानी नाही लागलं, मी बसून आहे? बाबा म्हणन, मंग ये घरी.”

“मग?”

“मंग मी जाईन,” येन्स म्हणाला. “म्हणून नाही लिहीत.”

मास्तरांनी पुढच्या पाकिटावर शिक्का मारला. तो जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि आपल्याला असं वाटणं बरोबर नाही, असंही वाटत होतं.

तिकिटांचा छंद मास्तरांना जुना. येन्सला तो कळल्यापासून दर पत्रामागे एक तिकीट मिळायचं. एरवी तो घरी जाऊन पाण्यात भिजवून तिकीट सोडवायचा. एका दुपारी त्याचं डोकं फारच तापलेलं होतं. पत्र वाचलं, त्यात बापानं काहीतरी झोंबणारं लिहिलं होतं, आणि त्यानं पाकिटाचा कोपरा तिकिटासकट टर्रकन फाडून मास्तरांच्या टेबलावर ठेवला. उरलेलं पत्र सदऱ्याच्या खिशात खुपसलं आणि बाजाराच्या रस्त्यानं भर उन्हात निघून गेला. चेहरा लाल, डोळ्यांत घाम गेलेला, हातानं डोळे पुसतो आहे, आणि खिशातून कोपरा फाटलेलं पत्र डोकावतं आहे.

गावाला आणखी काय सांगायला पाहिजे होतं?

संध्याकाळी पुंजाजी येऊन त्याच्याजवळ बसले. काही बोलले नाहीत. मग शेजारचे किसनराव आले, ते बसले. मग आणखी चारजण. कुणीतरी उसासा टाकला. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मृताच्या घरी चूल पेटू द्यायची नाही म्हणून सत्यभामाबाईनं पिठलं-भाकरी आणून समोर ठेवली, दुसऱ्या दिवशी किसनरावाच्या घरून वरण-भात आला. येन्स हरखून गेला. मास्तरांना म्हणाला, “गाव चांगलं आहे. मी एकटा आहे हे त्यांना कळलं. पन बोलत काऊन नाहीत?”

मास्तरांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी टेबलावरच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं. सांगायला हवं होतं. त्याच क्षणी सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण कुणाला आधी सांगावं, कोणत्या शब्दांत, आणि सत्यभामाबाईनं भाकरी थापली त्याचं काय, असा विचार करण्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त अवघड झालं. तिसऱ्या दिवशी त्याहून. असं करता करता आखाजी आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. सगळ्यात कडक उन्हाचा काळ. आपल्याला इथे एवढी तहान लागते तर त्यांना तिथे किती लागत असेल, असा त्यामागचा भाव. घागरीत वाळा टाकतात, वर खरबूज किंवा आंबा ठेवतात, पुरणपोळी करतात, आणि गेलेल्याच्या जागी कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. त्या सकाळी सत्यभामाबाईनं मास्तरांना बोलावून घेतलं.

ओसरीवर दोन घागरी होत्या. एक तिच्या सासऱ्याची. दुसरी कोरी, लालभडक, तिच्यावर खरबूज.

“ही येनसाहेबाच्या बापाची,” ती म्हणाली. “पह्यली आखाजी आहे बिचाऱ्याची. समुद्रापलीकडं कोन भरन त्याची घागर? पाटलानं रातीच गाडी जुपून पहाडाखालच्या झिऱ्याचं गोडं पानी आणलं. म्हटलं, परका माणूस, त्याले खारं पानी देऊ नाही. मास्तर, तुम्ही साहेबाले सांगा, आंघोळ करून ये म्हणा, बापाचं नाव घे म्हणा.”

पहाड काही जवळ नव्हता. पुंजाजी एका कोपऱ्यात बसून डोळे चोळत होते.

मास्तर येन्सच्या खोलीत गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोपरा, पत्र, बसायला येणारी माणसं, भाकरी, घागर. इंग्रजीत सुरुवात केली, अर्ध्यात ते तुटलं, मग मराठीत सांगितलं. येन्स ऐकत होता. आधी तो हसला. “बाबा मेला नाही! मागच्या पत्रात मले गाढव म्हणते तो!” मग उठून दारात गेला. ओसरीवरची कोरी घागर तिथून दिसत होती. बराच वेळ तो तिच्याकडे बघत उभा राहिला. हसू कधी गेलं, ते त्यालाही कळलं नसावं.

“गोडं पानी?” त्यानं विचारलं.

“गोडं.”

“मी चार महिने शोधून राह्यलो,” येन्स म्हणाला, “अन् पाटलानं बाबासाठी एका रातीत आणलं.”

मग मास्तरांनी ओसरीवर येऊन खाली मान घालून सत्यभामाबाईला सांगितलं. ती पुरण वाटत होती. हात थांबला.

“म्हंजे जित्ता आहे?”

“हो.”

“अन् तुमाले ठाऊक होतं?”

“हो.”

“बाप्पा, मास्तर! एका पोस्टाच्या तिकिटापायी माणूस मारला तुम्ही?”

पुंजाजी कोपऱ्यातून हसायला लागले. “मारला नाही व, वाढवला. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढते. आता तो म्हातारा काही लवकर जात नाही.”

“ते ठीक आहे. पन या घागरीचं काय? नाव घेऊन भरली मी. ओतून देऊ का उकिरड्यावर? पुरण कोन खाईन?”

मग पुंजाजीनंच निकाल दिला. “मास्तर खातीन. त्यायनंच मारला, त्यायच्याच तोंडून जेवू दे त्याले.”

मास्तर नको नको म्हणत राहिले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. पाट मांडला. येन्स अंघोळ करून आला, केस ओले, पुंजाजीचं धोतर गुडघ्याच्या जरा खालीच संपलेलं. सत्यभामाबाईनं त्याच्या हातात पोळीचं ताट दिलं. “तूच वाढ. तुझा बाप आहे.”

येन्सनं वाढलं. पोळी वाढताना तुटली. कुरडई हातातून पडून चुरा झाली. चिंचवणीची वाटी भरताना निम्मं आंबटगोड पाणी मास्तरांच्या धोतरावर सांडलं. प्रत्येक वेळी तो वाकून मास्तरांच्या तोंडाकडे बघायचा आणि विचारायचा, “अजून? अजून?” आजवर कुणी लेकानं मास्तरांना वाढलं नव्हतं. पाटावर बसल्या बसल्या त्यांना एकदम कळलं, की हे ताट कधी संपू नये असं आपल्याला वाटतं आहे. आणि ते दुसऱ्याचं ताट होतं.

हीच ती गोष्ट. निल्सला लिहायची होती आणि लिहिता येत नव्हती, ती हीच. तुझ्या नावानं जेवलो, आणि एका जेवणापुरता तुझा पोरगा माझा करून घेतला, असं एखाद्या बापाला कोणत्या तोंडानं लिहायचं?

येन्सनं मात्र त्याच दुपारी लिहिलं. त्या उन्हाळ्यात त्याच्या हातून बापाला गेलेलं पहिलं पत्र मास्तरांनीच शिक्का मारून पाठवलं. ते इतकं जाड होतं, की वजन करून जास्तीचं तिकीट लावावं लागलं. पुढे यंत्राचा भाग आला, बोअर झाली, पाणी लागलं, पण खारंच लागलं. जूनमध्ये येन्स परत गेला आणि जुलैत त्याच्या बापाचं ते दोन प्रश्नांचं पत्र आलं.

आता तो बाप गेला होता, आणि त्याची बातमी ओट्यावर दगडाखाली फडफडत होती.

आखाजीच्या आदल्या दिवशी सत्यभामाबाई कुरडया घेऊन आली. तिची नजर दगडाकडे गेली.

“हे काय?”

मास्तरांनी सांगितलं.

“अन् वाचलं नाही? कव्हापासून पडलं आहे?”

“दोनेक दिवस.”

“मंग उद्या मले घागर भरा लागते ना बिचाऱ्याची! तव्हा खोटी भरली, आता खरी. वाचा. कसा गेला, काय झालं, कळू तर द्या.”

“तुम्हीच...”

“मी वाचू इंग्रजी? मास्तर, तुम्ही बी ना!” ती ओट्यावर बसली. “अंगणात उभे राहा, अन् वाचा.”

मास्तर उन्हात उतरले. पाय भाजत होते. त्यांनी पाकीट फोडलं, चष्मा घामानं घसरला, तो सावरला. वाचलं. पुन्हा वाचलं.

“काय म्हणते?”

“जिवंत आहे,” मास्तर म्हणाले.

“कोन?”

“म्हातारा. निल्स. ऐंशीचा झाला.” त्यांनी पाकीट पुन्हा उलटून पाहिलं. “येन्स लिहितो, तुमच्या वहीसाठी जहाजाचं सुंदर तिकीट लावलं आहे, पाण्यात भिजवून सोडवा, फाडू नका.”

सत्यभामाबाईनं त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं. फाटक्या कोपऱ्यातून बोट आरपार घालून पाहिलं. मग तिला हसू फुटलं, ते थांबेना. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. “तुमच्यासारखा कोनी भेटला वाटते वाटेत! मास्तर, दुसऱ्यांदा मारला तुम्ही त्याले!”

कोणत्या देशात, कुणाच्या हाताला त्या जहाजाचा मोह झाला होता, देव जाणे. मास्तरांना मनातून त्या चोराची जरा कीवच आली.

“अजून काय लिहिलं?”

मास्तरांनी थांबत थांबत सांगितलं. येन्स आता बोटींचा कारखाना बघतो. बापाला हल्ली अंथरुणातून फारसं उठवत नाही. पण दर उन्हाळ्यात तो विचारतो, की माझं जेवण जेवला त्या माणसाचं उत्तर आलं का? डॉक्टर काही फार आशा देत नाहीत, त्यावर म्हातारा म्हणतो, मी काय जेवलो ते कळल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही.

मास्तर ओट्यावर टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळंच आलं. “सत्यभामाबाई, मग उत्तर न पाठवलेलंच बरं.”

“काऊन?”

“उत्तर गेलं तर तो जाईल. उत्तराची वाट बघतोय, तोवर जिवंत आहे.”

आजवर न लिहिण्याची अनेक कारणं मास्तरांनी शोधली होती, पण इतकं चांगलं कारण त्यांना कधी सापडलं नव्हतं. ते स्वतःशीच मान हलवायला लागले. सत्यभामाबाईचं हसू मात्र गेलं.

“हे बरं आहे,” ती म्हणाली. “म्हणजे तहानलेल्याले पानी नका देऊ, तहान आहे तोवर तो जित्ता आहे, असंच ना? पाच वर्षं झाली, म्हातारा तिकडं तोंड उघडून बसला आहे. मास्तर, पाटलानं रातभर बैल हाकले त्याच्यासाठी. अन् तुमाले चार वळी नाही लिहवत?” ती उठली, कुरडयांचं सूप आत ठेवलं आणि जाता जाता म्हणाली, “अन् तोंडाले पानी लावून निम्मा गडवा मांगं ठेवता येते. सगळं एकदम पाजाच लागते, असं कोन सांगतलं तुमाले?”

ती गेली. मास्तर ओट्यावर तसेच बसले. मग आत जाऊन कागद घेऊन आले.

दुपार नुसती पेटली होती. घाम मनगटावरून कागदावर उतरत होता, म्हणून हाताखाली त्यांनी पंचा ठेवला. शब्दकोश जवळ होता, पण उघडला नाही. चिंचवणीला त्यांनी चिंचवणीच लिहिलं. कुरडईला घरटंच म्हटलं. पोळी तुटली ते लिहिलं, धोतरावर सांडलं ते लिहिलं. ‘तुमच्या मुलानं फार वाईट वाढलं,’ त्यांनी लिहिलं, ‘आणि प्रत्येक वेळी अजून हवं का, असं विचारलं. असं मला कुणी विचारलं नव्हतं. मला मूल नाही. त्या दिवशी मी तुमच्या जागी बसलो आणि मला उठावंसं वाटलं नाही. एवढं सांगायला मला पाच वर्षं लागली. मला क्षमा करा.’

हे खोडावं का, असा विचार नेहमीप्रमाणे आला. पेन त्या ओळीवर येऊन थांबलं. मग पुढे सरकलं.

शेवटी त्यांनी लिहिलं: ‘अजून घागरीतल्या पाण्याबद्दल सांगायचं राहिलं आहे. ते कुठून आणलं, कोणी आणलं, आणि त्याची चव कशी होती. ते मी या पत्रात लिहीत नाही. तुमचं उत्तर आलं की लिहीन. तोपर्यंत कृपा करून वाट बघावी.’

आखाजीच्या सकाळी गावात घागरी भरायची लगबग चालली होती. रामराव डाकेची थैली सायकलला बांधून निघायच्या बेतात होता. त्यानं पाहिलं, मास्तर टोपी न घालता, जवळजवळ धावत शाळेकडे येताहेत. टोपी विसरून मास्तर घराबाहेर पडलेले त्यानं कधी पाहिले नव्हते.

“मास्तर, माझ्याजवळ द्या ना! पेटीत कायले टाकता, मी आता तीच उघडून राह्यलो.”

“नाही,” मास्तर धापा टाकत म्हणाले. “मीच टाकतो.”

पाकिटाचे चारही कोपरे शाबूत आहेत ना, हे त्यांनी फिरवून फिरवून पाहिलं. पेटीचं लोखंडी झाकण सकाळच्या उन्हानंच तापलं होतं. बोटं भाजली, तरी त्यांनी ते उचलून धरलं आणि पत्र आत सोडलं.